नांगर न लागलेली जागा

आमच्या विभागात सगळे त्यांना सहदेवभाऊ म्हणत. मी मात्र पहिली चार-पाच वर्षं सरळ 'गावंडे' म्हणून हाक मारत असे. अमरावतीच्या एका कॉलेजात मी मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि सहदेव गावंडे आमचे लॅब अटेंडंट होते. तेव्हा मी नवी होते, पीएच.डी.ची शाई ओली होती आणि अंगात रग होती. आता ती रग कमी झाली आहे असं मी म्हणते. विद्यार्थी तसं म्हणत नाहीत.

माणूस उंच, काटक, कमी बोलणारा. कापसाची बोळी करावीत तर त्यांनीच. आमच्या काचेच्या नळ्यांची तोंडं कापसाने बंद करावी लागतात, म्हणजे हवा आत जाते पण जंतू जात नाहीत. सहदेवभाऊ त्यासाठी गावाहून, स्वतःच्या वावरातला, सरकी काढलेला कापूस आणत. बाजारातला पांढराशुभ्र कापूस पाणी पितो, आमचा पीत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते शास्त्राला धरून होतं. त्यांनी केलेलं बोळं नळीतून काढताना बारीक 'फट्' असा आवाज येई. माझ्या एकाही विद्यार्थ्याला तो आवाज आजवर जमलेला नाही.

गाव त्यांचं अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरहून पुढं. अमरावतीत ते खोली करून राहत आणि शनिवारी एसटीने घरी जात. घरी बायको माणिकबाई, तीच वावर सांभाळायची. दोन मुलं शिकून पुण्याकडे लागली होती. मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं आणि यापेक्षा जास्त माहीत करून घ्यावं असं कधी वाटलंही नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

२०१५ च्या चैत्रात मी मातीचं काम काढलं. मातीत असे काही जिवाणू असतात की शेजाऱ्याला जवळ येऊ न देण्यासाठी ते विष सोडतात, आणि त्यातलंच एखादं विष माणसाचं औषध होतं. कितीतरी जुनी औषधं अशीच मातीतून वर आली आहेत. आता ती लागू पडेनाशी झाली, म्हणून नवी शोधायची. काम दिसायला सोपं. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, प्लेटीवर पसरायची, आठवडाभर उबेत ठेवायची. खडूची भुकटी सांडल्यासारखे ठिपके उगवतात. त्यातला एकेक उचलून रोगजंतूंच्या शेजारी लावायचा. ज्याच्याभोवती रोगजंतू मरून स्वच्छ कडं पडेल तो आपल्या कामाचा. हजारात एखाद्यालाच असं कडं पडतं.

मी विद्यार्थ्यांना आणि स्टाफला सांगितलं, आपापल्या गावची मूठभर माती आणा. अट एकच घातली: जिथं नांगर लागला नाही, फवारा पडला नाही, माणसाचा पाय पडत नाही, अशी जागा पाहिजे, आणि निदान पंधरा-वीस वर्षं तशीच असलेली. वऱ्हाडात अशी जागा शोधणं म्हणजे बैलाचं दूध काढणं, असं एक पोरगा मागून पुटपुटला. मी त्यालाच पहिला नमुना आणायला सांगितलं.

सोमवारी बेचाळीस पुड्या जमल्या. त्यात सहदेवभाऊंची एक होती. वर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'कौंडण्यपूर, नदीकाठ.' मी तिला सत्तावीस नंबर दिला.

सत्तावीस नंबरातून जे निघालं ते मी पुन्हा पाहिलेलं नाही. राखाडी, मखमली ठिपका, खाली किंचित जांभळी छटा, आणि भोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं. ज्या जंतूंपुढे आमच्याकडची आठही औषधं हरली होती, ते त्याच्यासमोर मेले होते. मी त्या दिवशी विभागात सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. सहदेवभाऊंनी कचोरी हातात धरून ठेवली आणि ती प्लेट पाहत उभे राहिले. झाकण उघडलं की तिला ओल्या मातीचा वास यायचा. तो वास याच जिवाणूंचा असतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते बाहेर गेले. कचोरी टेबलावर राहिली.

तेव्हापासून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. वापरलेल्या प्लेटा धुण्याआधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घालून त्यातलं सगळं मारावं लागतं. ते काम सहदेवभाऊंचं. बाकीच्या सगळ्या प्लेटा ते मारत, सत्तावीसच्या तेवढ्या बाजूला काढून ठेवत. कुणीतरी दुसऱ्याने त्या टाकाव्यात म्हणून वाट पाहत. मी विचारलं तर म्हणाले, राहून गेल्या. दर वेळी कशा राहून जातात? मला तो कामचुकारपणा वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

दोन वर्षांनी सत्तावीस गेला. मेला नाही, गेला. हे जिवाणू एका नळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत लावत राहिलं की कधी कधी त्यांच्यातलं पाणी निघून जातं. पहिल्याच दिवशी त्याचे भाग करून मी ते खोल थंडीत गोठवून ठेवायला हवे होते. तेव्हा आमच्याकडे डीप फ्रीझर नव्हता, पण विद्यापीठात होता, आणि तिथे जाऊन विनवण्या करण्याचा मला कमीपणा वाटला. अकराव्या बदलीला राखाडी रंग उडून ठिपका पांढरा पडला. कडं नाहीसं झालं. जिवंत होता, वाढत होता, पण कोणालाही मारत नव्हता. ती चूक माझी होती, आजही माझीच आहे.

उपाय एकच होता, पुन्हा त्याच मातीकडे जायचं. आम्ही कौंडण्यपूरला वर्धेच्या काठाने अक्षरशः वीत वीत माती उकरली. दोन वर्षं. देवळातले लोक आम्हाला ओळखू लागले, एक म्हातारा तर आम्ही गुप्तधन शोधतो आहोत असंच धरून चालला होता. प्रत्येक वेळी सहदेवभाऊ सोबत असत. जागा कोणती म्हटलं की हात लांब करून म्हणत, 'अशी इकडंच होती कुठं तरी.' हाती काही लागलं नाही. मग कोरोना आला आणि कॉलेजला कुलूप लागलं.

२०२१ च्या सप्टेंबरात माझी विद्यार्थिनी प्रणाली हिने एक घोटाळा केला. जिवाणूंच्या खाद्यात मीठ दहापट टाकलं. बाकीचे सगळे त्या खारटपणात मरून पडले आणि तो पांढरा पडलेला, नाकर्ता सत्तावीस मात्र तिसऱ्याच दिवशी प्लेटभर पसरला. मी ती प्लेट हातात घेऊन बसून राहिले. वर्धेकाठची माती गोड आहे. मिठावर इतका खुशीत वाढणारा जिवाणू तिथला नव्हताच. तो खारपाणपट्ट्यातला होता, म्हणजे पूर्णेच्या दोन्ही अंगांच्या त्या भागातला, जिथं विहिरीचं पाणी खारट लागतं. सहदेवभाऊंचं गाव त्याच पट्ट्यात येतं. काखेत कळसा होता आणि आम्ही कौंडण्यपूरला वळसा घालत होतो.

मी त्यांना बोलावलं. अकरा विद्यार्थी होते समोर. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, तुम्ही कौंडण्यपूरला गेलाच नव्हता. घरामागची मूठभर उचललीत आणि पुडीवर तीर्थाचं नाव लिहिलंत. आमची दोन वर्षं तुम्ही मातीत घातली. इतका आळस? ते खाली मान घालून उभे होते. म्हणाले, हो मॅडम, चूक झाली. मग माती कुठली ते सांगा, मी म्हटलं. आठवत नाही, म्हणाले. मी आणखी बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर दोन महिने आम्ही कामापुरतं बोललो. माती कुठली ते त्यांना पक्कं आठवतंय, हे मला कळत होतं. आणि न सांगण्यासाठी हा माणूस नोकरीवरही पाणी सोडील, हेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नोव्हेंबरात एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून चार नळ्या आल्या. औषधाला दाद न देणारे जंतू सापडले की त्या आम्हाला पाठवत. नळीवर रोग्याचं नाव नसतं. फक्त वय आणि नमुना कशाचा ते असतं. त्यांची नोंद सहदेवभाऊ करत. दुपारी बाराचा सुमार, मी एकटीच होते. ते दारात आले आणि एक नळी माझ्यासमोर धरली. वय, अकरा दिवस. नमुना, रक्त.

"हे लेकरू जगते काय, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. मला माहीत नाही आणि कळणारही नाही. पण या जंतूवर डॉक्टरीणबाईंकडचं एकही औषध चाललेलं नाही.

ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसले. मग सांगितलं ते असं. १९९५ साली त्यांना पहिली मुलगी झाली. पाचव्या दिवशी तिची बेंबी पिकली, ताप चढला. मूर्तिजापूर केलं, अकोला केलं, इंजेक्शनं बदलली, एकही लागू पडलं नाही. नवव्या दिवशी ती गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून नावही नव्हतं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी तिला वावरातच, धुऱ्याला म्हणजे बांधाला लागून, नाल्याच्या अंगाला, हिवराच्या झाडाखाली ठेवलं. बाळंतिणीला जागा सांगायची नसते, तिचा जीव तिकडं ओढ घेतो आणि पुढं कूस उजवत नाही, असं त्यांच्या आईने बजावलं. त्यांनी सांगितली नाही. माणिकबाईने एकदाच विचारलं होतं. वडील गेले, आई गेली, आणि आता ती जागा जगात एकट्या सहदेवभाऊंना माहीत होती. पेरताना, वखरताना ते स्वतः बैलापुढं चालत आणि तेवढी जागा सोडून वळण घेत.

"तुमी सांगतलं होतं, नांगर न लागलेली जागा," ते म्हणाले. "आमच्या वावरात तेवढी एकच होती."

माझीच अट होती ती, शब्द न् शब्द माझा. पुडीवर खरं ठिकाण लिहावं तर कुणी तरी जागा पाहायला येईल, म्हणून कौंडण्यपूर लिहिलं. इतक्या मोठ्या नदीकाठी कोण शोधतो, असं त्यांना वाटलं. आम्ही शोधू, हे त्यांना वाटलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ते पुढं बोलले. ज्या शनिवारी त्यांनी ती मूठ उचलली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ओसरीत पडलेली माणिकबाई एकाएकी उठून बसली. म्हणाली, कोनी रडून राहिलं काय, पाहा बरं. तिला मातीचं काहीही माहीत नव्हतं. ते बाहेर जाऊन आले आणि मांजर होतं म्हणाले. त्यानंतर सहा वर्षं, ते घरी असले की दर रविवारी दुपारी ती उठते, ते बाहेर जातात, आणि मांजर होतं म्हणून सांगतात. 'लेकीची झोप मी मोडली, मॅडम,' असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

मी विज्ञान शिकवणारी बाई आहे. भूतखेत मानत नाही. तरीही त्या दिवसापासून बारा ते एकच्या दरम्यान मी इन्क्युबेटरच्या खोलीत एकटी जात नाही. आत ओल्या मातीचा वास असतो आणि तो कुणाचा आहे ते मला आता माहीत आहे.

मी त्यांना म्हटलं, राहू द्या, मी विचारणार नाही. त्यांनी हातातली नळी टेबलावर ठेवली. म्हणाले, चला, पण बायकोला तिथं नेल्यावरच सांगीन, घरी सांगायचं माझ्याच्यानं होत नाही.

डिसेंबरात आम्ही गेलो. शेवटची वेचणी चालू होती. माणिकबाईने चहा दिला, त्याला किंचित खारट चव होती. बाई ठेंगणी, हसरी, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. मॅडम वावरातली माती पाहायला आल्या, एवढंच तिला सांगितलेलं. तिघं धुऱ्याने चालत गेलो. ऊन डोक्यावर आलं होतं. हिवराखाली पोचल्यावर सहदेवभाऊ थांबले. तिथं दीड-दोन हात जागा होती, गवत वाळलेलं, एक बसका गोटा. बाकी सगळीकडे नांगराच्या रेघा, आणि त्या रेघा तिथं येऊन वळल्या होत्या.

"अवं," ते म्हणाले, "अठीच हाये ती."

तिने कोण म्हणून विचारलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल, नवऱ्याला बोलेल, सव्वीस वर्षांचं सगळं बाहेर काढील. मी तिच्या जागी असते तर काढलं असतं. तिने गोट्याकडे पाहिलं, मग नाल्याकडे, मग नवऱ्याकडे.

"डोकं कोन्या अंगाले?"

त्यांनी गोट्याकडे बोट केलं. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, मातीचं, औषधाचं, अकरा दिवसांच्या लेकराचं. मी पिशवीतून उकळून आणलेला चमचा काढला होता, पण हात पुढं होईना. ती खाली बसली. तळहाताने गवत हळूच बाजूला केलं.

"पायाकडून घ्या, मॅडम," ती म्हणाली. "अन् थोडीच घ्या."

मी पायाकडून घेतली. वीतभरही खोल गेले नाही. सहदेवभाऊंनी काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

त्या मातीतून एकशे सदुसष्ट ठिपके आले. एकेक उचलून लावला. एकाही भोवती कडं पडलं नाही. पुन्हा विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि त्यांनीही विषय काढला नाही. सत्तावीसच्या जुन्या नळ्या मात्र ते रोज एकदा हातात घेऊन उजेडात धरत. पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मी बोलायला उभी राहिले. अकरा विद्यार्थ्यांसमोर जे बोलले होते त्याची माफी भरल्या सभागृहात मागितली. कशाबद्दल, ते कुणाला कळलं नाही. सहदेवभाऊंनी शाल सावरली आणि मला कापसाच्या बोळ्यांनी भरलेली एक मोठी पिशवी दिली. ती अजून संपलेली नाही.

२०२३ च्या चैत्रात माणिकबाई एकटी एसटीने अमरावतीला आली. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून होती, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. कनवटीची छोटी गाठ सोडून तिने माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. नव्या कोऱ्या कपड्यात बांधलेली.

"हे उशाकडचं हाये," ती म्हणाली. "यायनं मागं उशाकडूनच नेलं होतं म्हने. मले आत्ता आत्ता सांगतलं."

हिवराखाली सहदेवभाऊंनी तोंड का मिटलं ते मला आत्ता कळलं. कुणी काढलं, असं मी विचारलं. मीच, ती म्हणाली. बोटांनी, खुरपं लावलं नाही. मग म्हणाली, जागा दाखवली तेव्हापासून दुपारी कुणी रडत नाही. मी म्हटलं, बरं झालं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा शब्द गिळावासा वाटला.

"घर सुनं लागते, मॅडम," ती म्हणाली.

नवव्या दिवशी तो आला. राखाडी, मखमली, खाली जांभळी छटा. कडं रुपयाएवढं नाही, आठ आण्याएवढं, पण स्वच्छ. तीन वेळा लावून पाहिलं, तिन्ही वेळा पडलं. त्यातून औषध होईल का? मला माहीत नाही. अशी कडी हजारांनी पडतात आणि दुकानापर्यंत एखादंच पोचतं, त्यालाही दहा-पंधरा वर्षं लागतात. ज्या अकरा दिवसांच्या लेकरामुळे हे झालं त्याचं काय झालं, तेही मला कळलेलं नाही. या वेळी मात्र मी चूक केली नाही. त्याच दिवशी चाळीस नळ्या भरल्या आणि उणे ऐंशी अंशांवर गोठवल्या, वीस आमच्याकडे आता आलेल्या फ्रीझरमध्ये आणि वीस विद्यापीठात. तिथे जाऊन हात जोडले. कमीपणा वाटला नाही.

मग माणिकबाईला फोन केला. आला म्हणून सांगितलं. ती हुंकार देत ऐकत होती. आता तो जाणार नाही, आम्ही त्याला बर्फाहून थंड पेटीत ठेवलं आहे, वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहील, असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"थंडीत ठेवलं तिले?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. ठेवावंच लागतं, नाही तर मागच्यासारखा पांढरा पडेल, ताकद जाईल, असं समजावलं. तिने ऐकून घेतलं.

"चाळीसच्या चाळीस?"

मी हो म्हटलं.

"एखादं बाहेर ठेवजा, मॅडम," ती म्हणाली.

म्हणून एक नळी माझ्या टेबलावर असते, खिडकीपाशी, जिथं सकाळी ऊन येतं. तोंडाला सहदेवभाऊंचं कापसाचं बोळं आहे. दर महिन्याला मी तिला नव्या नळीत लावते. आता ती बरीच पांढरी पडली आहे.